पलीकडच्या काठाची ओळ

प्रिय खारुटले,

हे पत्र तुझे भाऊजी तुझ्या हातात आणून देतील. त्यांना कामासाठी तिकडे यायचंच होतं. वाचून होईपर्यंत त्यांना चहासुद्धा विचारू नकोस, नाहीतर ते तुला गप्पांत गुंतवतील आणि हे तसंच राहील. फोन केला असता, पण एडिटिंगच्या खोलीत तुझा फोन बंद असतो, आणि चालू असला तरी मी फोनवर काय दिवे लावते ते रविवारी कळलंच आहे. तू विचारलंस, "ताई, सिनेमातली ती रिकामी जागा भरू का?" आणि मी म्हणाले, "भर बाई, एकदाची भर," आणि फोन ठेवून दिला. शुक्रवारी तुझे निर्माते कोरसवाल्यांना घेऊन येणार, ओळ गाऊन घेणार, आणि पुढच्या आठवड्यापासून सगळ्या थिएटरांत ती भरलेली प्रत जाणार. त्याच्या आत हे तुझ्यापर्यंत पोचायला हवं. म्हणून सकाळपासून लिहायला बसतेय आणि उठतेय, बसतेय आणि उठतेय.

रविवारपासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. लॅबमध्ये समोर माणूस हात पसरून बसलेला असतो, दंडाला पट्टा बांधलेला असतो, आणि मी शीर चाचपता चाचपता तुझ्या सिनेमातल्या त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहते. काल एका आजोबांनी विचारलं, "बाई, रक्त काढताय की हात बघून भविष्य सांगताय?" घरी दूध उतू गेलं, तेही मी समोर उभी असताना. तुझे भाऊजी म्हणाले, "पायाला भिंगरी लावलीयस का? एक तर त्या सिनेमाचं नाव सोड, नाहीतर पुन्हा जाऊन बघ, पण घरात अशा फेऱ्या घालू नकोस, मला गरगरायला लागलंय." मी त्यांच्यावर खेकसले. मग त्यांचंच ऐकलं. ते पुढे सांगते.

आधी सिनेमाबद्दल बोलू दे. पहिल्या खेळानंतर तू विचारलंस कसा वाटला, आणि मी म्हणाले, "छान आहे." माझं 'छान आहे' म्हणजे काय, हे तुला नाही कळणार तर कुणाला? तुझा चेहरा खर्रकन उतरला. तर आता खरं ऐक. नदी मला मुळीच आवडली नाही. अगं, ज्या नाटकावरून तू हा सिनेमा काढलास त्यात दोन निळी कापडं होती, दोन विंगांतून दोन माणसं ती हलवायची, आणि त्यातल्या एकाचा हात भरून आला की नदी एकाच बाजूने संथ व्हायची. तरीसुद्धा पुढच्या रांगेतली माणसं पाय वर घ्यायची! तुझ्याकडे खरं पाणी, खरी होडी, वरून खालून सगळीकडून कॅमेरा, आणि मी आपली खुर्चीत पाय सोडून निवांत. नावाडीण वादळातून येते आणि केस बघावेत तर आत्ताच कुणीतरी विंचरून दिल्यासारखे. त्या पूल बांधणाऱ्या इंजिनियरला प्रेमात पाडायची काय गरज होती? बिचारा नाटकात इमानेइतबारे पूल बांधायचा. आणि जकातवाल्याचं गाणं कापताना तुझे हात कसे धजले गं? त्याच गाण्यावर उड्या मारून पलंग मोडला होतास तू. मार मला बसला होता.

एक गोष्ट मात्र कबूल. वल्हं धरलेल्या तिच्या तळहातावरचे घट्टे तू जवळून दाखवलेस, तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकून बसले. इतक्या वेळा नाटक बघितलं, पण त्या बाईचा तळहात आपल्याला कधी दिसला होता का? आपण कायम मागच्या पायऱ्यांवर. तिथून तिचा चेहरा दिसायचा तोच अंगठ्याएवढा. तेवढ्यासाठी तरी सिनेमा व्हायला हवा होता, असं मला तेव्हाच वाटलं होतं. पण मी ते बोलले नाही, कारण त्यानंतर ती जागा आली.

आमच्या रिसेप्शनवर नवी मुलगी आलीय. तिने नाटक पाहिलेलं नाही. मी परवा तिला 'नावाडीण' अथपासून इतिपर्यंत समजावून सांगितलं. बिचारी नोकरीला नवी, त्यामुळे उठून जाताही येईना तिला. म्हटलं, नदीवर पूल होणार, होडी बंद पडणार, आणि नावाडीण शेवटची फेरी करायला निघते. सोबतीला कुणी नाही, समोर काही दिसत नाही. मधोमध येऊन ती वल्हं थांबवते आणि गाते, "पलीकडे कुणी जागं आहे का?" उत्तराची ओळ आधी विंगेतला कोरस म्हणायचा. पण एका प्रयोगाला कोरसवाले बाहेर चहा पीत उभे राहिले आणि त्यांना वेळेचं भानच राहिलं नाही. नावाडीण प्रेक्षकांकडे बघत उभी, पेटीवाला घामाघूम, आणि सगळं नाटक पाठ असलेल्या प्रेक्षकांनी खुर्चीत बसल्या बसल्या ओळ म्हटली: "ये सावकाश, आम्ही जागे आहोत." झालं! त्या दिवसापासून कोरसला ती ओळ कधी परत मिळाली नाही. पलीकडचा काठ म्हणजे आपण, अंधारात बसलेले. एवढं सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली, "अय्या, म्हणजे सिनेमात आवाज गेला होता तो तेवढ्यासाठी?" तिने सिनेमा बघितला होता, आणि तिलाही आवाजच गेल्यासारखा वाटला होता. मी कपाळाला हात लावला.

पण तिला तरी काय बोलायचं? पहिल्या खेळाला तिथे सगळे नाटकातलेच जुनेजाणते होते ना? नावाडिणीने विचारलं, तिचा चेहरा पडदाभर, आणि गाणं नाही, वाजवणं नाही, पाण्याचा आवाजसुद्धा नाही. तू ओळ प्रेक्षकांसाठी सोडली होतीस, हे मला त्याच क्षणी कळलं. मागे कुणीतरी खोकलं. कुणाचं तरी पाकीट कुरकुरलं. एक गृहस्थ मोठ्यांदा म्हणाले, "अहो, आवाज!" तू माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसली होतीस, आणि मला ओळ येत होती. तोंड उघडलं नाही मी. सिनेमाच्या थिएटरात कोण गातं गं? पडद्यावरच्या बाईला काय ऐकू येणार आहे? मग पेपरात त्या शहाण्याने 'ऐन मोक्याच्या क्षणी तांत्रिक दोष' असं छापलं, आणि तुझ्या निर्मात्यांना रोज कुठल्या ना कुठल्या थिएटरमधून फोन यायला लागले. आमच्या इथल्या ऑपरेटरने तर कमालच केली. तो त्या जागेला आवाज वाढवतो, आणि पुढच्याच क्षणी पुलाच्या खांबावर घण पडतो. सगळं थिएटर खुर्चीतून वीतभर उडतं! तान्ही पोरं टाहो फोडतात. त्यामुळे तुझे निर्माते भरा म्हणतात, यात त्यांचं काही चुकतंय असं मला रविवारपर्यंत वाटत नव्हतं.

आणि दुसरंही होतं. तेही आता लिहूनच टाकते, कारण तोंडावर मला जमणार नाही. मला तुझा राग आला होता. सिनेमाचा नाही, तुझा. आई गेली तेव्हा तू आलीस, आणि आठवडाही झाला नव्हता तर बॅग भरून परत त्या खोलीत. तुझा सिनेमा अर्धा कापून पडला होता, मान्य. पण आईचं कपाट मी आवरलं. तिचा चष्मा, तिच्या गोळ्या, नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर बसताना पाठीशी घ्यायची ती दबलेली उशी, सगळं एकटीने. मावशी आल्यागेल्याला सांगायची, "धाकटीच्या डोळ्यांत टिपूस नाही हो," आणि मी मावशीला गप्प केलं नाही. मला वाटायचं, खरंच आहे की ते. तू फोन करून विचारायचीस, "जेवलीस का?" मी म्हणायचे, "हो." संपलं बोलणं. वर्ष गेलं असं. म्हणून तू जेव्हा भरू का विचारलंस, तेव्हा माझ्या मनात आलं, घरातली एवढी मोठी जागा रिकामी झाली ती दिसली नाही हिला, आणि सिनेमातल्या जागेचं कौतुक सांगतेय. भर म्हणाले ते त्या तिरमिरीत.

फोन ठेवला आणि तेव्हापासून ही अशी येरझारा घालतेय. भाऊजींचं ऐकून सोमवारी अर्धी रजा टाकली आणि दुपारच्या खेळाला गेले. थिएटरात मोजकी माणसं, त्यातली निम्मी गारव्याला आलेली. ती जागा आली. मी मनातल्या मनात ओळ म्हटली. ओळ संपली, आणि जागा संपेना! पडद्यावर तिचा तो चेहरा तसाच. मी चरफडले. म्हटलं, लहानपणी पेपरातली चित्रं कात्रीने कापताना रेघेच्या बाहेर केसभर न जाणारी ही कार्टी, हिला एका ओळीचा अंदाज येऊ नये? एवढी लांब ठेवली म्हणूनच लोकांना बिघाड वाटतो. ओळीपुरती ठेवली असतीस तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. हे तुला ताबडतोब कळवावं म्हणून फोन हातात घेतला, आणि मग म्हटलं, थांब, मीच घाईत म्हटली असेन.

म्हणून काल परत गेले. हो, परत. तिकीट देणारा आता मला ओळखतो. काल ठरवूनच गेले होते की तोंडाने म्हणायची. मनातल्या ओळीला काही धरबंध नसतो. कडेची खुर्ची धरली, पदर तोंडाशी घेतला, आणि नावाडिणीने विचारल्यावर म्हटली. आवाज कसला, नुसतं घोगरं. पुढच्या रांगेत दोन कॉलेजच्या मुली होत्या, त्यातली एक फिस्सकन हसली. कानशिलं तापली माझी. पण म्हटली मी पूर्ण. 'ये सावकाश, आम्ही जागे आहोत.' रीतसर, थिएटरभर लोक ज्या चालीने म्हणायचे त्याच चालीने. आणि ओळ संपली, आणि जागा तशीच उरली, आणि त्या उरलेल्या जागेत, खारुटले, मला मागून आई ऐकू आली.

तू लगेच डोळे पुसू नकोस, मला आधी सांगू दे. आई तिकिटांची खिडकी बंद करायची, कुलूप घालायची, मॅनेजरकडे किल्ली द्यायची आणि मग धापा टाकत जिना चढून वर यायची. नाटक सलग तिने जन्मात बघितलं नाही. तिच्या वाट्याला यायचं ते शेवटचं गाणं, तेही दारात उभं राहून. लोक ओळीच्या मध्यावर पोचले की मग हिची सुरुवात. दम लागलेला, सूर कुठल्या कुठे, आणि घाई म्हणून नाही! सगळं थिएटर गप्प झालेलं असायचं आणि मागून हिचं एकटीचं चाललंय, "आम्ही... जाऽऽगे... आहोत." आपण दोघी पायऱ्यांवर गुडघ्यांत डोकं घालून बसायचो, ही आमची आई नव्हेच असं दाखवत. आणि ती नावाडीण, तेवढी मोठी नटी, पण मागचा तो आवाज थांबल्याशिवाय तिने वल्हं कधी उचललं नाही. तबलेवालासुद्धा हात वर धरून थांबायचा. आईचं झालं की मग घण.

काल मी शेवटी पदर खाली केला आणि ते उरलेलं आईसारखं म्हटलं. रेंगाळत, दम घेत, तिच्याच बेसूर आवाजात. माझं 'आहोत' संपलं आणि घण पडला. एक क्षण इकडे नाही की तिकडे नाही. सगळे दचकले, मी नाही दचकले.

म्हणजे अंदाज चुकला नव्हता तुझा. त्या बंद खोलीत, पडद्यावर तो चेहरा थांबवून, तू आईची ओळ म्हणून बघितलीस. एकदा म्हणून नसेल जमलं. आईएवढा वेळ घ्यायचा म्हणजे आईसारखा दम लागायला हवा, तिच्यासारखं मध्ये थांबायला हवं. किती वेळा म्हटली असशील, कुणास ठाऊक. आम्ही इकडे तुझ्या डोळ्यांतल्या टिपसाचा हिशेब मांडत बसलो होतो, आणि तू तिकडे एकटी बसून आईच्या आवाजात गात होतीस. मला बोलावलं का नाहीस गं? आले असते मी. तुझ्यापेक्षा मला तिची नक्कल चांगली जमते.

खेळ सुटल्यावर थिएटरचा मॅनेजर दारात उभा होता. तो म्हणाला, "ताई, मध्येच आवाज गेला होता त्याबद्दल माफ करा, वरून दुरुस्त प्रत येतेय." मी म्हटलं, "दुरुस्त करू नका, तिथे आपण म्हणायचं असतं." त्याने माझ्याकडे असं बघितलं की माझ्याच लॅबमध्ये माझं रक्त तपासून घ्यावं असं मला वाटलं. पण ती फिस्सकन हसणारी मुलगी मागेच होती. तिने विचारलं, "काकू, ते काय म्हणालात तुम्ही?" मी तिला ओळ सांगितली. तिने मैत्रिणीच्या कोपराला धरून पुन्हा म्हणून बघितली, चाल चुकीची, शब्द बरोबर. आता लगेच हुरळून जाऊ नकोस, एका मुलीने ओळ विचारली म्हणून काही सगळी थिएटरं गायला लागणार नाहीत. बहुतेक ठिकाणी लोक 'आवाज, आवाज' म्हणूनच ओरडतील. तुझ्या निर्मात्यांना हे तू पटवून देशील असंही मला वाटत नाही. त्यांचंही पोट आहे त्या सिनेमावर.

तर आता कामाचं, ज्यासाठी हा सगळा प्रपंच. रविवारी मी 'भर' म्हणाले, ते मागे घेते. रागाने म्हणाले होते, आणि तो राग आता माझ्याकडे शिल्लक नाही. मावशीचं मी बघून घेते. शुक्रवारी त्यांना सांग, जागा भरायची नाही, माझी थोरली बहीण नको म्हणते. हसतील, हसू देत. आणि नाहीच ऐकलं, कोरस आणून बसवलाच, तर भांडत बसू नकोस. ओळ त्यांना देऊन टाक, म्हणू देत छान सुरात. पण त्यांचं म्हणून झाल्यावर लगेच घण पाडू देऊ नकोस. कात्री तुझ्या हातात आहे. त्यानंतरचं ते तेवढं उरलेलं आहे ना, त्याला कुणाला हात लावू देऊ नकोस, कितीही लांब वाटो, कितीही लोक ओरडोत. त्यांचं झालं तरी आईचं अजून व्हायचं असतं.

तुझीच,
ताई